चिऱ्याखाली काय आहे

वाडीतल्या पोरांनी यंदा दिवाळीला अंक काढायचं ठरवलं आणि ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, वहिनी तू तुझ्या कामावर लिही म्हणून. मी म्हटलं, अरे मी सातवीत शाळा सोडलेली, मला कुठे लिहायला सांगता, माझी वेलांटी अजून चुकते. तर त्यातला एक म्हणतो, "तू बोलतंस तशां लिही, वेलांटी आमी बघतंव." म्हणून बसलेय. धाकटा मांडीवर आहे, तो सारखा पेन ओढतो, थोरली शिल्पा शाळेतून यायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहायचं, म्हणजे धावतच लिहावं लागणार. तसं मी सगळंच धावत करते. भीत भीत आणि धावत.

माझं काम सांगितलं की बायका हसतात. मी मेण वितळवते. देवळातलं नाही आणि इगर्जीतलं, म्हणजे चर्चमधलंही नाही. माती तपासायची एक गँग असते, तिच्यात मी आहे. कुठेही शाळा, पूल, पाण्याची टाकी, सरकारी कचेरी बांधायची असली तर आधी खालची जमीन तेवढं वजन पेलेल का, हे बघून घ्यावं लागतं, आणि ते बघायला आम्ही जातो. मला पण आधी वाटायचं, जमिनीत काय बघायचं, जमीन म्हणजे जमीन. पण बघा, नारळ घेताना आपण कानाशी धरून हलवतो, कलिंगड टिचकी मारून वाजवतो, आणि ज्या घरात पोरंबाळं झोपणार ते मात्र काही न वाजवता बांधायला घेतो.

आमचं वाजवायचं असं असतं. तीन लोखंडी पाइप उभे करून वर बांधतात, त्याला गँगवाले घोडा म्हणतात. घोड्यावरून दोर येतो, दोराला हातोडा, भाताच्या पोत्याएवढा जड. खाली भोक पाडून त्यात दांडा सोडलेला असतो, दांड्याच्या टोकाला दोन फाकांची नळी. हातोडा ठरलेल्या उंचीवरून सोडायचा आणि दांडा एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके थोडे लागले तर जमीन मऊ. पुष्कळ लागले तर घट्ट. आणि हातोडा नुसता नाचायला लागला, दांडा हलेचना, तर साहेब म्हणायचे, जमीन आता नको म्हणते. थोडं थोडं खाली जाऊन परत परत हेच. मध्ये मध्ये एक पातळ नळी दाबून माती जशीच्या तशी वर काढतात. ती नळी वर आली की माझं काम. स्टोव्हवर मेण वितळवून तयार ठेवायचं आणि नळीच्या दोन्ही तोंडांना ओतायचं, म्हणजे आतली माती सुकणार नाही, हलणार नाही, खाली जमिनीत जशी होती तशीच शहरातल्या लॅबमध्ये पोचेल. मग ओल्या गोणत्यात गुंडाळून सावलीत ठेवायची. टेम्पोत चढवताना आमच्या गँगचे मुकादम दादूमामा ड्रायव्हरला ओरडायचे, "आरं बाबा, ती नळी न्हवं, बाळंतीण हाय, दमानं घे!"

दादूमामा कोल्हापूरकडचे. गँगमधली बाकीची दोघं पण तिकडचीच. साहेब मात्र आमचे गोंयचे, उल्हासबाब, इंजिनिअर, बारीक, चष्मेवाले, कोकणी बोलायचे. मी माहेरची बांद्याजवळची, दिलेली मुळगावात. त्या दिवसांत आपल्या गोव्याचं नुकतं राज्य झालेलं आणि भाषेवरून सगळीकडे वाद, भिंती रंगवलेल्या, बसमध्ये भांडणं. आमच्या घोड्याखाली तीन तऱ्हेची बोलणी चालायची आणि भांडण काही व्हायचं नाही. दादूमामा मुद्दाम विचारायचे, "सायेब, ह्या जमिनीला आता मराठीत इचारू का कोकणीत?" उल्हासबाब वर न बघता म्हणायचे, "तिका ठोक्यांनी विचार. ती भास तिका कळटा."

मी या कामात आले ती पाण्यामुळे. राज्य झालं तशी बांधकामं सगळीकडे निघाली आणि आमच्या वाडीशेजारी एका इमारतीसाठी हे लोक आले. भोक पाडताना पाणी पुष्कळ लागतं, आमची विहीर जवळ, मामांनी विचारलं पाणी द्यायला कोणी बाई मिळेल का. ह्यांचं काम खाणीच्या ट्रकावर, पावसात ते बंद, आणि शिल्पा तेव्हा पालथी पडायला लागलेली. मी ह्यांना म्हटलं जाऊ का, हे म्हणाले आयेक विचार. आये म्हणजे माझी सासू. तिला विचारायला मी दुपारपर्यंत धीर गोळा केला.

"चेडवाक घेवन तू पुरुषांच्या गँगीत जातलंस?" ती म्हणाली.

"पाणीच तर ओढूचां, आये."

"पाणी ओढूक झोळी कित्याक होयी?"

पण दुसऱ्या दिवशी झोळीला बांधायचं जुनं लुगडं तिनेच काढून दिलं. आयेचं तसं असतं. तोंडाने नाही म्हणते, हाताने हो म्हणते.

झोळी काजूच्या झाडाला बांधायची. मला वाटलेलं त्या धडाधड आवाजात पोर मेली रडून रडून. तर उलटंच झालं. हातोडा चालू झाला की शिल्पा गाढ, आणि ठोके थांबले की डोळे उघडून किंचाळायची. दादूमामा म्हणायचे, "वयनी, ही पोरगी मुकादम हुनार बगा. काम थांबलेलं हिला खपत न्हाई." पाण्यावरून मी मेणावर कधी आले ते आता आठवत नाही. एक पोरगा मेण नीट ओतायचा नाही, कडेला फट राहायची. साहेबांनी मला करून बघ म्हटलं. गरम तुपासारखं हळू ओतायचं, पहिला थर बसू द्यायचा, मग दुसरा. मला जमलं. भित्रं माणूस घाई करत नाही ना, म्हणून जमलं असेल. इतर बाबतीत मी धावते, मेण ओतताना नाही.

आमच्या कामावर बघायला येणारी माणसं फार मजेची. पेडण्याकडे कोरगावात आम्ही घोडा उभा केला की बायका कळश्या घेऊन यायच्या. "पाणी लागलां काय गो?" लागलेलं पण असायचं, पण आमचं काम झालं की आम्ही भोक बुजवून टाकणार. एक म्हातारा तर नारळ घेऊन बसला होता सकाळपासून, पाणी दिसलं तसा आनंदाने उठला, आणि दादूमामांनी त्याच्या डोळ्यांदेखत भोकात माती घातली. "कसले रे तुमी लोक," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "देवान दिलां तां बुजवतास!" त्याला समजावता समजावता साहेबांचं जेवण थंड झालं.

आणि आमच्या डिचोली भागात याच्या उलट. इथे यंत्र आलं, भोक पडलं, की लोकांना एकच दिसतं, खाण. आधी बोर मारतात, मग खणतात, मग शेत लाल चिखलाने भरतं, हे सगळ्यांनी बघितलेलं. एका गावी शाळेच्या जागेवर आम्ही गेलो तर बायका घोड्याभोवती येऊन बसल्या, उठेचनात. साहेबांनी नकाशा दाखवला, मामा हात जोडून उभे राहिले, काही नाही. मी तर इतकी घाबरले की शिल्पाला झोळीतून काढून छातीशी धरून उभी. त्यातली एक वयस्कर बाई माझ्याकडे आली, पोरीकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं.

"ही तुजी?"

"होय गे."

"रोज आणतंस हिका?"

"होय."

ती वळून बाकीच्यांना म्हणाली, "उठा गो. खाणवाल्यांबरोबर झोळी नसता." आणि उठल्या सगळ्या. साहेब नंतर म्हणाले, आजचो रिपोर्ट शिल्पान केलो.

वाळपईचा एक दुकानदार होता. त्याला दुकानावर माडी चढवायची होती. साहेबांना म्हणे, तुम्ही ह्या कोपऱ्यात तपासा, त्या कोपऱ्यात नको, तिथे माल ठेवलाय. साहेब म्हणाले, जमीन तुमचो माल पळेवन, म्हणजे बघून, वजन घेना. तो ऐकेना. आम्ही परत आलो. पुढे त्याच बाजूला दुसऱ्या कामावर गेलो तेव्हा मी त्याच्या दुकानात शिल्पासाठी बिस्किटं घ्यायला शिरले, तर माडी झालेली, आणि नको म्हटलेल्या कोपऱ्यात भिंतीवर देवाचं कॅलेंडर. मला वाटलं किती छान. परत गेले तेव्हा त्याच्याखाली आणखी एक कॅलेंडर. तिसऱ्या खेपेला कॅलेंडरांच्या बाहेर भेग आलेली. तो मला म्हणाला, "बाय, रंगाचा दोष आहे." मी होय म्हटलं. काय बोलणार? मला अजून चुटपुट लागते की मी साहेबांना हाक मारून आणलं नाही, पण तेव्हा मी कोण होते, बिस्किटं घ्यायला आलेली बाई.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते सांगते. पण त्याआधी चिऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्यांना कळणार नाही.

आपल्याकडे चिरा म्हणजे विश्वास. लाल जांभा दगड. घरं चिऱ्याची, विहिरी चिऱ्यात खणलेल्या, कुंपण चिऱ्याचं. घराचा पाया खणताना मेस्त, म्हणजे गवंडी, खणत जातो आणि पिकास, म्हणजे टिकाव, खण्ण करून वाजलं की हात वर करतो. चिरो लागलो! मग खणणं बंद. घरची बाई नारळ घेऊन येते, त्या चिऱ्यावर नारळ वाढवायचा, मेस्ताच्या हातावर गोड ठेवायचं, आणि तिथून बांधकाम वर. आणखी खाली कोणी बघत नाही. मी पण कधी बघितलं नसतं.

पण डिचोलीजवळ एका टाकीच्या जागेवर आम्ही होतो. वर चिरा, हातोडा नाचायला लागला, दादूमामा म्हणाले, "संपलं सायेब, घोडा उतरवू का?" जेवणाची वेळ होती. साहेबांनी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेली पोई हातात घेतली, आपली भुश्शाची पोई, वरून कडक फुगलेली. "दादू, हें कितें?"

"पाव हाय."

"घट्ट आसा?"

"व्हय, कडक हाय की."

साहेबांनी अंगठा दाबला. अंगठा आत. पोई पोकळच असते. "चिरो केन्ना केन्ना असो आसता," ते म्हणाले. "वयर कवच, सकयल शेडी. चल, फोड."

फोडलं. कवचाखाली दांडा गेला तो हातोडा न मारताच गेला, आपल्या वजनाने, सर्रकन. वर इतका दगड आणि खाली लोणी. साहेबांनी सांगितलं, चिऱ्याखालची ही पांढरी गुलाबी माती, शेडी, कोरडी असते तोवर शहाणी असते. पाऊस मुरला की हळूहळू मऊ होते, कुठे वाहून पण जाते, मग वरचं कवच अधांतरी राहतं. नुसतं राहिलं तर वर्षानुवर्षं राहील. त्यावर घराचं वजन ठेवलं तर सांगता येत नाही.

आणि आमचं घर तर चिऱ्यावर व्हायचं होतं.

घरात हे तीन भाऊ, तीन चुली. ह्यांच्या वाट्याला भाटातला, म्हणजे बागायतीतला, वरचा तुकडा आलेला. वरच्या अंगाला सपाट चिऱ्याचा कातळ, रस्ता जवळ, समोर देऊळ दिसायचं. खालच्या अंगाला गवताची उडवी, सावली, दगडगोटे. आयेच्या मनात घर वर. सासरे होते तेव्हापासून ती म्हणायची, दारात उभी राहिले की माका देवळाचो दीप दिसूक होयो. पुंडलिक मेस्तांना बोलावलं, खुंट्या मारल्या, दोरी लावली, आणि एका शनिवारी खणायला घेतलं. हातभर खोल गेले आणि पिकास वाजलं. "चिरो लागलो!" सगळी वाडी जमलेली. आये आतून नारळ घेऊन आली, नवं लुगडं नेसून.

मला त्या वेळी काय आठवलं सांगते. पावसात त्या कातळावरचं पाणी एका फटीत शिरायचं आणि खाली उडवीच्या अंगाला बाहेर यायचं, ते लाल नसायचं. पांढरट असायचं, ताकासारखं. लग्न होऊन आल्यापासून मी ते बघत होते आणि मला ते आवडायचं. आता त्याचीच भीती वाटली. आयेने नारळ उचलला आणि मी बोलून गेले.

"आये, आज नको."

"काय?"

"नारळ आज नको. साहेब एकदा बघून जाऊ देत. फक्त बघून."

मग पुंडलिक मेस्त हसले. "काय गो, मेण वितळवन इंजनेर झालंस?" माझ्या जावा पदर तोंडाला लावून हसल्या. मेस्त म्हणाले, "माझ्या बापाशीन ह्या गावातली घरां चिऱ्यार बांधली. एक पडूक नाय. आता झोळीवाली माका चिरो शिकयतली?"

खरं सांगते, मला तेव्हाच पळून जावंसं वाटलं. कारण दोन्हीकडून माझंच मरण होतं. साहेब आले आणि खाली दगडच निघाला तर जन्मभर हसतील, मुहूर्त मोडलेली सून म्हणतील. आणि शेडी निघाली तर आयेचं घर गेलं, तिच्या मनातलं. पण शिल्पा माझ्या कडेवर होती, आणि मला सारखं दिसत होतं, ती त्या घरात आत झोपलेली आहे, पाऊस पडतो आहे, आणि खालून पांढरं पाणी वाहतं आहे.

आये माझ्याकडे बघत राहिली. नारळ घेऊन आत गेली. ह्यांचं असं आहे, हे कधी कोणाची बाजू घेत नाहीत, पण सायकल काढतात. सायकल काढली, मला मागे बसवलं, डिचोलीत गँगच्या खोलीवर नेलं.

उल्हासबाब घरी निघालेले, हातात पिशवी. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं, चिरा, ताकासारखं पाणी, नारळ, मेस्त, सगळं उलटसुलट. मला वाटलं रागावतील, त्यांचं काय जातंय आमच्या दोन खोल्यांत, त्यांनी पूल बघायचे. ते म्हणाले, "पाणी खंयच्यान येता तें तुवें स्वता पळयलें?" मी मान हलवली. "बरें. फाल्यां आयतार. भियेवं नाका. दादू, गिरमिट आनी पहार घे."

आणि आले. रविवारी, सुट्टी सोडून, बसने, खांद्यावर गिरमिट घेऊन. गिरमिट म्हणजे हाताने फिरवायचं, सुताराचं असतं तसंच पण पुरुषभर लांब. त्यासाठी मी त्या दोघांचे पाय धरावे तेवढे थोडे.

साहेब आधी मेस्तांकडे गेले. हात जोडले. "मेस्त, तुमचें कांय चुकूंक ना. चिरो लागला तो लागलाच. मात कितलो दाट आसा, तें मात्शें पळोवंया."

"पळयात," मेस्त म्हणाले आणि बांधावर जाऊन विडी पेटवून बसले.

"तुमच्या बापायन बांदिल्लीं घरां पडूंक नात, कारण ते चिरे दाट आशिल्ले," साहेब म्हणाले. "हो कसो आसा तें आमकां खबर ना. म्हाकाय ना, तुमकांय ना."

दादूमामांनी पहार मारायला सुरुवात केली. चिऱ्याचे तुकडे उडत होते. खण्ण, खण्ण. वाडी परत जमलेली. मी उडवीजवळ उभी राहून मनात म्हणत होते, दगड निघू दे, मला हसू देत, दगडच निघू दे. मामा घामाने भिजले. मेस्त बांधावरून म्हणाले, "मारा, मारा. पाताळ लागासर मारा." लोक हसले. मामा पण हसले, आणि पुढचा घाव घातला तो आवाजच आला नाही. पहार हातातून निसटून आत गेली. वर फक्त मूठ राहिली.

शिल्पा रडायला लागली.

मामांनी पहार ओढून काढली, त्या भोकात गिरमिट घातलं. दोन वेढे घट्ट फिरले आणि मग ते एका हाताने फिरायला लागलं. मामांनी मान वर केली आणि आयेला हाक मारली. "आजी, या हिकडं. तुमीच फिरवा."

"मी?"

"या की. घर तुमचं हाय."

आये उतरली खड्ड्यात, पदर खोचून. दोन्ही हातांनी गिरमिट धरलं आणि फिरवलं, आणि तिचं तोंड बदललेलं मी बघितलं. "हां तर जाता गो," ती हळूच म्हणाली, "कायच लागणा नाय." मामांनी वर ओढून दिलं. टोकाला माती चिकटून आलेली, पांढरी, मध्ये गुलाबी झाक. आयेने ती बोटांत घेतली. चुरली. थुंकी लावून चुरली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"ही तर शेडी."

साहेब काही सांगायला पुढे झाले तर तिने हात वर केला. दर चतुर्थीला चूल आणि भिंती पांढऱ्या करायला ही माती घाटीवरून ती स्वतः खणून आणते, बालदीत भिजत घालते. सकाळी ढवळली की ती माती राहत नाही, दूध होतं. "ही भिजली काय जाता," ती म्हणाली, "तां माका सांगू नको बाबा. उभो जलम मी ही भिजत घातलंय."

मग खालच्या अंगाला, उडवीपाशी, गिरमिट लावून बघितलं. तिथे ते जाईनाच. मामा आणि हे दोघे मिळून लोंबकळले तरी वीतभर. साहेबांनी सांगितलं, हांगची शेडी केन्नाच व्हांवन गेल्या, सकयल कातळ लागीं आसा, म्हणजे इथली शेडी केव्हाच वाहून गेली आणि खालचा कातळ जवळच आहे. घर इथे घ्या, पाया थोडा रुंद, आणि वरून येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल असं गटार काढा, ते कधी तुंबू देऊ नका. कोणी म्हणालं, पण इथून देऊळ दिसत नाही. ते खरंच होतं. मध्ये फणस येतो आणि बांध येतो.

आये खड्ड्याच्या काठावर बसून होती. हातावरची शेडी सुकत चाललेली. मला वाटलं आता ती मला काहीतरी म्हणेल आणि मी जागच्या जागी मरेन. ती उठली. एक एक करून वरच्या खुंट्या उपटल्या, तिनेच, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि त्या नेऊन मेस्तांच्या पायाशी ठेवल्या.

"पुंडलिक, दोरी सकल लाव."

मेस्तांनी विडी विझवली. "आये, मुहूर्त?"

"मुहूर्त भटाक विचारतंय. दोरी तू लाव."

मेस्त त्या दिवशी फुगूनच गेले. पण सोमवारी आले, साहेबांनी सांगितलं त्याहून रुंद पाया त्यांनी घेतला आणि गटार तर असं बांधलं की वाडीत दुसरं तसं नाही. त्यांचे पण उपकार. त्या रविवारी दुपारी साहेब आणि दादूमामा आमच्या पडवीत जेवले, शीत, हुमण म्हणजे माशाची आमटी, आणि सुकी सुंगटं. मामांना हुमण तिखट लागलं नाही, ते म्हणाले आमच्याकडं याला गोड म्हणत्यात. निघताना आयेने दोघांना काजूचा बोंडू दिला पिशवी भरून. मी म्हटलं, साहेब, उद्याला मेण थोडंच उरलंय. आभार म्हणून माझ्या तोंडातून तेवढंच आलं.

आता दादूमामा गावी गेले, कंबर धरली त्यांची. साहेबांची बदली झाली, नवे साहेब भले आहेत, पण घाईत असतात. मी आहे अजून मेणावर, मध्ये धाकट्यासाठी सुट्टी घेतली तेवढीच. मामांना एकदा नीट सांगायचं राहून गेलं की त्या रविवारी तुम्ही आला नसता तर मी आयेसमोर परत तोंड उघडलं नसतं, कधीच. त्यांनी हा अंक वाचला तर कळेल. नाही वाचला तर मी इथे लिहिलंय तेवढं.

घर उभं आहे. आम्ही राहतो त्यात. दारातून फणस दिसतो, देऊळ दिसत नाही, आये दिवेलागणीला बांधावर चढून हात जोडून येते. वरचा कातळ आहे तसाच आहे. फोडलेलं भोक मेस्तांनी बुजवलं. त्याच्यावर आम्ही भात वाळत घालतो, कोकमं वाळत घालतो, पोरं क्रिकेट खेळतात. मला आधी त्यांची पण भीती वाटायची. साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पोरांच्या वजनाने काही होत नाही, आणि घर बांधलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं, कदाचित झालं असतं. हे आमच्या कामाचं असं आहे. पूल पडला तर सगळ्यांना कळतं. पडला नाही तर का पडला नाही, हे कोणी विचारत नाही.

परवा आमच्या पडवीत पुंडलिक मेस्त चहाला बसले होते. कातळावर पोरं खेळत होती, तिकडे बोट करून ते आयेला चिडवायला म्हणाले, "काय गे, इतके पावस गेले. खंय खचलां तुजां तां? घर थयच बांधलां आसता तर आज दारातसून देऊळ दिसलां आसतां."

मी आतून ऐकत होते. मला वाटलं आता आये माझ्याकडे बघणार.

तिने धाकट्याला मांडीवर सरळ केलं, त्याच्या तोंडाची लाळ पुसली. "नाय खचलां," ती म्हणाली. "आनी खचतलां की नाय तां माका बघूचां नाय होतां, म्हणान तर हय रवलंय. चाय पी."